पत्र निघाले, पण पोचले का? सॉफ्टवेअर पेढीतील नव्या जाणकाराचे स्वागत

व्यापारात पत्राला पहिल्यापासून किंमत आहे. मालाचा भाव, मालाची रवानगी, हुंडीची मुदत, येणे बाकीचा तगादा हे सारे पूर्वी टपालाने चालत असे. आज त्यातला बराच भाग ई-मेलने चालतो. जी.एस.टी.चे बिल, बँकेचा उतारा, परगावच्या ग्राहकाने मागवलेले दरपत्रक, निविदेचा खुलासा, मुलाच्या मुलाखतीचे बोलावणे, अशा जपून ठेवायच्या कागदांसाठी व्हॉट्सॲपच्या जमान्यातही ई-मेलच धरली जाते. आणि टपालाच्या काळात व्यापाऱ्याला जो प्रश्न पडत असे तोच आजही पडतो. पत्र तर पाठवले, पण ते पोचले का?

या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच ज्याचे काम, असा एक जाणकार आता सॉफ्टवेअरच्या पेढ्यांत नेमला जातो. इंग्रजीत त्याला ई-मेल डिलिव्हरेबिलिटी एक्स्पर्ट म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला पोच-जाणकार म्हणू.

धाराशिव जिल्ह्यातील व्यापारी आणि कारागिरांना या माणसाशी काय करायचे, असे कोणी विचारील. कारणे तीन आहेत. आपल्या भागातली मुले पुणे, मुंबई, हैदराबाद येथे सॉफ्टवेअरच्या कामात आहेत आणि काहींनी स्वतःच्या लहान पेढ्या काढल्या आहेत. दुसरे, दुकानात बिल करण्याचे जे सॉफ्टवेअर आपण वापरतो, त्यातून निघालेले पत्र पोचते की नाही हे त्या पेढीतल्या अशाच माणसावर अवलंबून असते. तिसरे, त्याचे काम ज्या तत्त्वावर चालते ते आपल्या आडतीच्या आणि उधारीच्या व्यवहाराहून वेगळे नाही. ते तत्त्व म्हणजे पत.

स्वीकारले म्हणजे दिसले नव्हे

आधी ई-मेलचा प्रवास समजून घेऊ. आपण पत्र पाठवले की ते आपल्या सर्व्हरवरून निघते आणि ज्याला पाठवले त्याच्या सर्व्हरच्या दारात उभे राहते. तेथे तीन गोष्टी होऊ शकतात. दारातच ते नाकारले जाते. किंवा 'आत्ता नाही, थोड्या वेळाने या' असे सांगितले जाते. किंवा ते आत घेतले जाते.

पण आत घेतले म्हणजे काम झाले असे नाही. आत दोन पेट्या असतात. एक इनबॉक्स, म्हणजे माणूस रोज उघडतो ती. दुसरी स्पॅमची, म्हणजे अडगळीची. पत्र अडगळीत पडले तरी पाठवणाऱ्याला 'पत्र स्वीकारले' असाच निरोप येतो. पाठवणारा निर्धास्त, घेणारा अनभिज्ञ. उमरग्याच्या व्यापाऱ्याने सोलापूरच्या ग्राहकाला दरपत्रक पाठवले, ते अडगळीत गेले, ग्राहकाने दोन दिवस वाट पाहून दुसरीकडे माल सांगितला, तर व्यापार का गेला हे त्या व्यापाऱ्याला कधीच कळणार नाही. नुकसान झाले हेच समजत नाही, म्हणून हे नुकसान वाईट.

सॉफ्टवेअर पेढीचे नुकसान याहून मोठे असते. तिच्या यंत्रणेतून हजारो दुकानांची बिले, पावत्या, परवलीचे शब्द आणि मुदतीच्या सूचना निघतात. त्या अडल्या तर एक नव्हे, तिच्या सर्व गिऱ्हाइकांचा व्यवहार अडतो.

संशय कोठून आला

ई-मेल पोचवण्याची जी पद्धत आजही पायाभूत आहे, तिचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. तेव्हा जाळे लहान होते. विद्यापीठे, संशोधन संस्था, सरकारी खाती अशी मंडळी ते वापरत. त्यामुळे पाठवणारा जे नाव सांगेल ते खरे मानावे, अशीच त्या नियमांची रचना राहिली. पाकिटाच्या पाठीवर कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि पोस्टमनने काही विचारू नये, तसा तो प्रकार होता.

याचा गैरफायदा घेतला जाणार हे ओघानेच आले. खरे तर त्याची चुणूक आधीच दिसली होती. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थुएर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना न मागता पाठवली. त्यावर मोठी नाराजी झाली. अशा बिनबोलावल्या पत्रांना पुढे स्पॅम हे नाव पडले.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्याच वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढली आणि फुकट ई-मेल घरोघरी गेली. पत्रे वाढली, तशी फसवणूकही वाढली. बँकेच्या नावाने खोटी पत्रे, बक्षिसाच्या थापा, नोकरीची आमिषे यांचा सुळसुळाट झाला. मग ई-मेल पुरवणाऱ्या कंपन्यांनी दारावर पहारेकरी बसवले. आज प्रत्येक पत्राकडे पहिली नजर संशयाचीच पडते. हा पहारेकरी माणूस नसून यंत्र आहे. 'हा आमच्या ओळखीचा आहे' अशी शिफारस त्याच्यापुढे चालत नाही. त्याला कागद दाखवावे लागतात आणि मागचे वर्तन चांगले असावे लागते.

तीन कागद

हे कागद तीन आहेत. नावे इंग्रजी असली तरी कल्पना आपल्या ओळखीच्या आहेत.

आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हा संस्थानचे टपाल खाते स्वतंत्र होते. त्याच्या जुन्या तिकिटांवर मराठी अक्षरेही छापलेली असत. त्या काळी महत्त्वाचे पत्र हाती आले की जाणता मुनीम तीन गोष्टी पाही. शिक्का कोणत्या टपाल कचेरीचा आहे, लाखेची मोहोर शाबूत आहे का, आणि संशय आला तर काय करावे याबद्दल शेटजींची ताकीद काय आहे. ई-मेलचे तीन कागद याच तीन गोष्टी सांगतात.

पहिला कागद एस.पी.एफ. आपल्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरना आहे याची ही जाहीर यादी. यादीबाहेरच्या सर्व्हरवरून पत्र आले की पहारेकरी सावध होतो.

दुसरा डी.के.आय.एम. ही लाखेची मोहोर. प्रत्येक पत्रावर गुप्त किल्लीने एक खूण उमटते आणि तिची जोडकिल्ली सर्वांना पाहता येईल अशी ठेवलेली असते. वाटेत मजकुरातला एक आकडा जरी बदलला तरी मोहोर जुळत नाही.

तिसरा डीमार्क. ही मालकाची ताकीद. शिक्का आणि मोहोर यांपैकी काहीच माझ्या नावाशी जुळले नाही तर पत्र तसेच जाऊ द्यावे, अडगळीत टाकावे की दारातूनच परत लावावे, हे मालक स्वतः जाहीर करतो. शिवाय माझ्या नावाने कोण कोण पत्रे पाठवत आहे याचा अहवाल मला पाठवा, असेही तो सांगू शकतो. पेपाल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू आदी कंपन्यांनी मिळून २०१२ मध्ये ही पद्धत जाहीर केली.

हे तिन्ही कागद आपल्या डोमेनच्या नोंदीत, म्हणजे इंटरनेटवरील आपल्या नावाच्या सातबाऱ्यात, लिहावे लागतात. लिहिण्याचे काम तासाभराचे. पण पेढीच्या नावाने नेमके कोणकोणते सर्व्हर पत्रे पाठवतात हे शोधून काढायला कधी कधी महिना लागतो, आणि पोच-जाणकाराची खरी मेहनत तेथे असते.

कागद असूनही पत लागते

कागद पुरे असले म्हणजे माणूस तोच आहे एवढेच सिद्ध होते. तो भला आहे हे सिद्ध होत नाही. आडत बाजारात नवा खरेदीदार आला की त्याच्याकडे परवाना आहे म्हणून कोणी शंभर पोती उधार देत नाही. आधी रोखीने पाच पोती, मग आठ दिवसांच्या वायद्याने वीस, मग महिन्याची मुदत. नव्या डोमेनचेही तसेच आहे. पहिल्या दिवशी पन्नास पत्रे, मग शंभर, मग दोनशे, आणि तीही जे आपली पत्रे खरोखर उघडतात अशांनाच आधी. पहिल्याच दिवशी पन्नास हजार पत्रे सोडली तर पहारेकरी नाव काळ्या यादीत घालतो. अशा याद्या ठेवणाऱ्या संस्था आहेत. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली स्पॅमहाउस ही त्यांतली प्रसिद्ध.

पत कशाने वाढते आणि कशाने जाते? घेणाऱ्याने पत्र उघडले, उत्तर दिले, अडगळीतून काढून जागेवर ठेवले, तर वाढते. त्याने 'हे स्पॅम आहे' असे बटण दाबले, किंवा बंद पडलेल्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा पत्रे गेली, तर जाते. काही पत्ते तर मुद्दाम सापळा म्हणून ठेवलेले असतात. ते कोणाचेच नसतात, कोणी कोणाला दिलेले नसतात. त्यांवर पत्र आले म्हणजे पाठवणाऱ्याने यादी कोठून तरी विकत घेतली किंवा खरवडून जमवली, असा संशय पक्का होतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे नियम उघडपणे कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्याकडे तिन्ही कागद हवेतच. जाहिरातीच्या पत्रातून एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय हवी आणि असे नाव दोन दिवसांत काढले पाहिजे. तक्रारींचे प्रमाण ०.३० टक्क्यापर्यंत जाता कामा नये, ते ०.१० टक्क्याच्या खाली राहावे. सोप्या हिशेबात, हजार पत्रांमागे एकापेक्षा कमी तक्रार असेल तर ठीक, तीन झाल्या तर धोका. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक आणि हॉटमेलच्या पत्त्यांसाठी मोठ्या पाठवणाऱ्यांकडे असेच कागद मागायला सुरुवात केली.

हजारात तीन! आपल्या कोणत्या दुकानात हजार गिऱ्हाइकांमागे तीनच नाराज असतात? यावरून हे काम किती नाजूक आहे याची कल्पना यावी.

मुंबईचे उदाहरण

आपल्या राज्यात या धंद्याची मुळे बरीच जुनी आहेत. मुंबईचे राजेश जैन यांनी १९९५ मध्ये इंडियावर्ल्ड हे संकेतस्थळ काढले आणि १९९९ मध्ये ते सत्यम इन्फोवे या कंपनीने ४९९ कोटी रुपयांना घेतले, तो सौदा देशभर गाजला. त्यांचीच दुसरी कंपनी नेटकोअर. कंपन्यांना ई-मेलची व्यवस्था पुरवता पुरवता ती वाढली आणि दुसऱ्यांच्या वतीने ग्राहकांना मोठ्या संख्येने ई-मेल पाठवून देणे हा तिचा मुख्य धंदा झाला.

अशा धंद्यात एक अडचण असते. ट्रकमध्ये दहा व्यापाऱ्यांचा माल भरलेला आणि त्यात एकाचा बेकायदा निघाला, तर नाक्यावर सगळा ट्रक अडतो. त्याचप्रमाणे एका सर्व्हरवरून अनेक गिऱ्हाइकांची पत्रे जात असताना एकाने विकतची यादी वापरली, तर सगळ्यांची पत बिघडते. म्हणून या धंद्यात पोच-जाणकार चैनीसाठी ठेवत नाहीत. ट्रकमध्ये काय भरले जाते हे पाहणारा तो माणूस आहे.

स्वागत म्हणजे हारतुरे नव्हेत

आता मूळ मुद्द्यावर येऊ. समजा, आपल्या भागातल्या एका तरुणाने पुण्यात दुकानांच्या बिलांचे सॉफ्टवेअर करणारी पंधरा माणसांची पेढी काढली आहे. काही दिवसांपासून गिऱ्हाइके म्हणतात, 'बिले येत नाहीत.' त्याने एक पोच-जाणकार नेमला. पहिल्या दिवशी चहा झाला, सर्वांशी ओळख झाली. पुढे काय?

पहिली गोष्ट, त्याला किल्ल्या द्याव्यात. डोमेनची नोंद कोणाच्या नावावर आहे आणि ती बदलण्याचा परवलीचा शब्द कोणाकडे आहे, हे अनेक पेढ्यांत कोणालाच नीट ठाऊक नसते. तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या खात्यावर ती नोंद असते. हे आधी सोडवून ठेवावे. किल्ली हाती नसलेल्या माणसाला तिजोरीची जबाबदारी देण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, त्याला पत्रांचे सगळे उगम दाखवावेत. बिलांची यंत्रणा, तक्रार विभाग, पगारपत्रके, जाहिरातीचे खाते, रात्री आपोआप निघणाऱ्या सूचना. प्रत्येक विभागाने आपल्याकडून काय निघते ते त्याला सांगावे. डीमार्कचे अहवाल सुरू केले की मालकालाही ठाऊक नसलेले दोन-चार उगम निघतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट, त्याला वेळ द्यावा. पहिले काही आठवडे तो फक्त पाहील. डीमार्कची ताकीद सुरुवातीला 'फक्त अहवाल पाठवा' एवढीच ठेवली जाते. खरे उगम ओळखून त्यांना कागद मिळाले की मग 'अडगळीत टाका' आणि शेवटी 'परत लावा'. ही पायरी घाईने चढली तर चोराबरोबर घरचा माणूसही दारातून परत जातो आणि पेढीची स्वतःची बिले अडतात.

चौथी गोष्ट, बिले आणि जाहिराती यांचे रस्ते वेगळे करू द्यावेत. बिल, पावती, परवलीचा शब्द ही ग्राहकाने अपेक्षिलेली पत्रे. सणाची सवलत हे न मागता गेलेले पत्र. दोन्ही एकाच नावाने गेली तर जाहिरातीवर आलेली तक्रार बिलाला भोवते. म्हणून मूळ डोमेनला दोन पोटनावे देऊन दोघांचे रस्ते वेगळे ठेवतात.

आणि पाचवी, सर्वांत मोठी गोष्ट. त्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार द्यावा, आणि तो म्हणाला तर मालकाने त्याच्या मागे उभे राहावे.

खरी परीक्षा येथेच होते. विक्री विभाग सांगेल की बाजारातून दोन लाख पत्त्यांची यादी स्वस्तात मिळते आहे, सोमवारी सोडून देऊ. जाणकार म्हणेल, नको. विक्रीवाले म्हणतील, तुला पोचवण्यासाठीच तर घेतले आहे. त्या क्षणी मालकाने कोणाची बाजू घेतली यावर पुढचे सगळे ठरते. जाणकाराकडे जादू नाही. बिनबोलावल्या पत्राला इनबॉक्समध्ये शिरवण्याची युक्ती सांगणारा कोणी भेटला तर तो जाणकार नव्हे. वर्षभर कमावलेली पत अशा एका सोमवारी जाऊ शकते आणि परत मिळवायला कित्येक महिने लागतात.

काय मागू नये

नव्या माणसाकडून शंभर टक्के पत्रे इनबॉक्समध्ये जातील अशी हमी मागू नये. ती पेटी घेणाऱ्याची आहे, तिच्यावर पाठवणाऱ्याचा हक्क नाही. तक्रारी वाढल्या म्हणून 'नवे डोमेन घेऊ, नव्या नावाने पाठवू' असेही म्हणू नये. देणेकरी दारात आले म्हणून दुकानाची पाटी बदलणाऱ्यासारखेच ते आहे. पत सुधारत नाही, आणि नव्या नावावर संशय जास्तच.

त्याच्या कामाचे माप कसे घ्यावे? परत आलेल्या पत्रांचे प्रमाण घटले का, तक्रारी हजारी एकाच्या खाली आल्या का, 'बिल मिळाले नाही' असे फोन कमी झाले का, हे महिन्याच्या महिन्याला पाहावे. जीमेलच्या नजरेत आपली स्थिती काय आहे हे दाखवणारे पोस्टमास्टर टूल्स नावाचे साधन गूगल फुकट देते. त्यातील आकडे मालकाने स्वतः पाहण्याची सवय ठेवावी. नळाला पाणी आले की पाणी सोडणाऱ्याची आठवण कोणी काढत नाही, न आले की सगळे त्याच्या दारात जातात. या कामाचेही तसेच आहे. आकडे समोर असले म्हणजे न दिसणारे कामही दिसते आणि माणूस टिकतो.

आपल्या दुकानापुरते

प्रत्येक दुकानाला असा माणूस नेमणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. पण त्याचे धडे आपल्यालाही लागू आहेत.

एक, बिलाचे सॉफ्टवेअर आपला जीमेल किंवा याहूचा पत्ता पुढे करून स्वतःच्या सर्व्हरवरून पत्र पाठवत असेल, तर ते अडण्याची शक्यता फार. कारण त्या सर्व्हरला गूगलच्या किंवा याहूच्या नावाने पाठवण्याचा अधिकार नाही. याहूने २०१४ मध्येच आपल्या नावाची अशी पत्रे परत लावण्याची ताकीद जाहीर केली होती. सॉफ्टवेअरवाल्याला स्पष्ट विचारावे, 'पत्रे कोणाच्या नावाने जातात? तिन्ही कागद आहेत का?' उत्तर गोलमाल आले तर सावध व्हावे.

दोन, धंद्याच्या नावाचे स्वतःचे डोमेन घ्यावे आणि त्याची नोंद स्वतःच्या नावावर करावी, संगणक शिकवणाऱ्याच्या किंवा भाच्याच्या नावावर नव्हे. वर्षाचे नूतनीकरण वहीत लिहून ठेवावे.

तीन, २०२३ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव उस्मानाबादऐवजी धाराशिव झाले. डोमेनमध्ये जिल्ह्याचे नाव असेल आणि ते बदलायचे असेल, तर जुने डोमेन सोडू नये. जुन्या नावाने पत्र टाकले तरी पोस्टमन ओळखून आणून देतो, संगणक देत नाही. जुन्या पत्त्यावर येणारी पत्रे नव्याकडे वळवावीत, दोन्ही निदान काही वर्षे चालू ठेवावीत, आणि नव्या नावाची पत हळूहळू जमवावी. सोडलेले डोमेन दुसरा कोणी विकत घेऊ शकतो आणि मग आपली पत्रे त्याच्या हाती जातात.

चार, ग्राहकाने आपला पत्ता बिलासाठी दिला असेल तर तो बिलासाठीच वापरावा. जाहिरात पाठवायची तर आधी विचारावे. पत्ता ही अमानत आहे, ती दुसऱ्याच्या हाती देणे किंवा विकणे योग्य नव्हे. २०२३ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे. व्यापाराचा जुना शिरस्ता आता कायद्याने लिहून काढला, इतकेच.

पाच, 'आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यात भरा' असे पत्र ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने आले तर पैसे भरण्यापूर्वी त्याला जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करावा. पत्रात दिलेल्या नंबरवर नव्हे. एक अक्षर इकडचे तिकडे करून हुबेहूब वाटणारे डोमेन घेता येते, आणि अशा भामट्याकडे तिन्ही कागदही असू शकतात. कागद त्याच्या डोमेनचा खरेपणा सांगतात, त्याच्या हेतूचा नाही. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

तरुणांसाठी

शेवटी आपल्या तरुणांना दोन शब्द. सॉफ्टवेअर म्हटले की सगळे प्रोग्राम लिहिण्याकडे धावतात. पण पोचेचे काम हाही एक स्वतंत्र हुन्नर आहे. त्याला डोमेनच्या नोंदी, सर्व्हरचे निरोप आणि आकड्यांचा अर्थ समजावा लागतो. एस.पी.एफ., डी.के.आय.एम. आणि डीमार्क यांचे मूळ नियम फुकट वाचायला मिळतात, आणि एखादे स्वस्त डोमेन घेऊन घरच्या घरी सराव करता येतो. त्याबरोबर एक गुण लागतो तो पुस्तकात मिळत नाही. मालकाला आणि विक्रीवाल्यांना तोंडावर, पण अदबीने, 'हे करू नका' असे सांगता आले पाहिजे. ज्या घरात उधारीचा व्यवहार शब्दावर चालतो, दिलेला वायदा पाळला जातो, त्या घरातल्या मुलाला पत म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. हुन्नर तेवढा शिकायचा राहतो.

आणि ज्यांच्या पेढीत असा जाणकार नुकताच आला असेल त्यांना आमची एवढीच सूचना आहे. त्याची ओळख करून देताना 'हे आता आपली पत्रे पोचवतील' असे म्हणू नका. 'हे आता आपल्या नावाची राखण करतील, आणि त्यांनी थांबा म्हटले की आपण थांबायचे' असे सर्वांसमोर सांगा. पहिल्या दिवशी एवढे सांगितले, तर पुढची अर्धी भांडणे टळतील आणि गिऱ्हाइकाचे बिल त्याच्या हातात वेळेवर पडेल.